भाच्याला बेसबॉलसाठी अमेरिकेला पाठवावं का? मायनर लीगच्या वाटेबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकत असेल तर कळेल. भाचा 19 वर्षांचा, सातारा जिल्ह्यातला, डावखुरा फास्ट बोलर. अकॅडमीच्या स्पीड गनवर 134 पर्यंत गेलाय. शाळेत असताना भालाफेकीत विभागीय स्पर्धेपर्यंत मजल मारली होती. जिल्ह्याच्या संघातली निवड होता होता राहिली आणि आता क्रिकेटमध्ये पुढे काही दिसत नाही. बी.कॉम.चं दुसरं वर्ष चालू आहे. पुण्यातल्या एका सल्लागाराने सांगितलंय की आठ लाख भरा, अमेरिकेत बेसबॉलची ट्रायल आणि मायनर लीगचा करार करून देतो. (मायनर लीग म्हणजे मेजर लीग या अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या खालचे, खेळाडू घडवणारे संघ.) तुमच्या ताई त्यासाठी शेताचा तुकडा गहाण टाकायला तयार झाल्यात. आणि तुम्ही विचारताय, 'एवढा वेग बेसबॉलला पुरतो का?'

वेगाचं उत्तर खाली देतो. मला मात्र तुमच्या लिहिण्यात त्याहून मोठा प्रश्न दिसतो. या मुलाची पुढची पाच-सहा वर्षं कुणाच्या खर्चाने आणि कुणाच्या व्हिसावर जाणार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी क्लबने 'जा' म्हटलं तर तेव्हा त्याच्या हातात काय असणार?

मी कोण ते सांगतो. मूळचा कोल्हापूरकडचा, शिक्षणाने फिजिओ. बरीच वर्षं अमेरिकेत एका मेजर लीग क्लबच्या खालच्या संघांबरोबर काम करतोय, मुख्यतः पिचरांचे, म्हणजे बेसबॉलमधल्या बोलरांचे, खांदे आणि कोपरं. मी कोच नाही, स्काउट (क्लबसाठी खेळाडू हेरणारा) नाही, करारावर सही करणारा तर नाहीच. पण डॉमिनिकन, व्हेनेझुएलन, पनामाची, क्वचित तैवानची किंवा ऑस्ट्रेलियाची मुलं येतात कशी, टिकतात किती आणि जातात कशी हे टेबलावर पालथ्या पडलेल्या पिचरकडून जेवढं कळतं तेवढं ऑफिसातल्या कागदांवरून कळत नाही.

आधी आठ लाखांचं बोलू, कारण ते तातडीचं आहे. या धंद्यात पैसा क्लबकडून खेळाडूकडे जातो. उलटा कधीच नाही. पुढे नामांकित पिचर झालेल्या मारियानो रिव्हेराला न्यूयॉर्कच्या यँकीज क्लबने 1990 मध्ये पनामातून घेतलं ते अडीच हजार डॉलरच्या आसपास बोनस देऊन. फ्रॅम्बर वाल्देझ या डॉमिनिकन पिचरला ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोज क्लबने 2015 मध्ये 10,000 डॉलर दिले. या क्षेत्रात ही रक्कम म्हणजे चिल्लर, पण तीसुद्धा क्लबनेच दिली. व्हिसाचा अर्ज क्लब करतो. एजंट असतात, पण त्यांचं कमिशन खेळाडूच्या हातात पैसे पडल्यावर. 'करार करून देतो' असं क्लबबाहेरचा कुणीही म्हणू शकत नाही, कारण करार देणं त्याच्या हातात नसतंच.

त्या सल्लागाराला एकदम फसवा म्हणणार नाही. अमेरिकेत पैसे घेऊन पिचिंग शिकवणारी खासगी केंद्रं आहेत, काही उत्तम आहेत, आणि तिथे महिना-दोन महिने राहून शिकायला चांगलाच खर्च येतो. तो खर्च असेल तर कागदावर 'प्रशिक्षण' एवढंच लिहिलेलं असायला हवं. कागदावर 'प्रशिक्षण' आणि तोंडी 'करार' असा प्रकार असेल तर उठून या. एक सोपा प्रश्न विचारा: कोणत्या क्लबचा कोणता स्काउट बघायला येणार आहे आणि त्याचं लेखी पत्र आहे का? स्काउटला मुलगा बघायचा असेल तर त्याला व्हिडिओ चालतो, आणि व्हिडिओ आवडला तर पुढचा खर्च त्याचा.

आता वेग. 134 किलोमीटर म्हणजे सुमारे 83 मैल. मेजर लीगमधला सरासरी फास्टबॉल आज 94 मैलांच्या आसपास, म्हणजे 151. हा फरक तुम्हाला दिसतोच. पण खरी मेख पुढे आहे. भाच्याचे 134 हे पंधरा-वीस पावलं पळत येऊन, सरळ हाताने टाकलेले आहेत. क्रिकेटमध्ये कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर तो चेंडू थ्रो ठरतो. बेसबॉलमध्ये पळणं नाही. 10 इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, एका जागी उभं राहून, कोपर चांगलं काटकोनात दुमडून फेकायचं. अंतर 18.44 मीटर. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरासा हलका, 142 ते 149 ग्रॅमचा. हे वेगळंच काम आहे आणि त्याला लागणारी ताकद शरीरात वेगळ्या ठिकाणी असते. 140 ने बोलिंग करणारा मुलगा माउंडवरून 115 ने फेकताना मी पाहिलाय. उलटही पाहिलंय: ज्याची बोलिंग कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हती, पण डीप मिडविकेटवरून विकेटकीपरच्या हातात सपाट थ्रो यायचा.

म्हणून भाच्याची बोलिंग बाजूला ठेवा आणि त्याचा बाउंड्रीवरचा थ्रो आठवा. तो कमानीसारखा येतो की सरळ? भालाफेकीचा अनुभव इथे जमेची बाजू आहे, कारण भाला फेकताना खांदा आणि कोपर जवळजवळ पिचरसारखंच काम करतात. डावखुरा असणं ही दुसरी जमेची बाजू. डावखुऱ्या पिचरला क्लब थोडा जास्त वेळ देतात, वेगात दोन-तीन मैल कमी असले तरी चालवून घेतात.

हे दोन्ही गुण असलेला एक भारतीय मुलगा या वाटेने गेलेला आहे. त्याची गोष्ट अर्धीच सांगितली जाते, म्हणून जरा नीट सांगतो. उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघंही भालाफेकपटू. 2008 मध्ये भारतभर वेगाने चेंडू फेकण्याची स्पर्धा झाली, त्यातून हे दोघं निवडले गेले. रिंकूने 87 मैलांचा चेंडू टाकून 1 लाख डॉलरचं बक्षीस मिळवलं. मग लॉस एंजेलिसला टॉम हाउस या नावाजलेल्या पिचिंग कोचकडे काही महिने शिकले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. जुलै 2009 मध्ये फ्लोरिडात, मायनर लीगच्या अगदी तळच्या पायरीवर, रिंकू अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल सामना जिंकणारा पहिला भारतीय ठरला. बहुतेकांना एवढंच माहीत असतं.

पुढचं असं. दिनेशला पायरेट्सने 2010 च्या अखेरीस सोडलं, तो भारतात परतला. रिंकू टिकला. ऑस्ट्रेलियात हिवाळी लीग खेळला, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये खेळला, 2011 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या संघात पोचला आणि 2012 चा पूर्ण हंगाम तिथे चांगली कामगिरी केली. तेव्हा तो 24 वर्षांचा होत आला होता, आणि त्या पातळीवरची आशा असलेली मुलं साधारण 20-21 ची असतात. त्यानंतर कोपर गेलं. ऑपरेशन झालं, पुढची वर्षं दुखापतीतच संपली, आणि 2018 मध्ये त्याने डब्ल्यूडब्ल्यूईशी करार करून कुस्तीच्या त्या वेगळ्या जगात स्वतःची जागा केली. माझ्या दृष्टीने रिंकूची बेसबॉलमधली कामगिरी थक्क करणारी आहे. ज्याने विशीपर्यंत हा खेळ पाहिलाही नव्हता त्याने व्यावसायिक फलंदाजांना सबंध हंगामभर बाद केलं. पण तेवढं करूनही तो मेजर लीगपासून चार पायऱ्या खाली होता.

पायऱ्या म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो. मेजर लीगचे 30 क्लब. प्रत्येकाचे खाली चार मोठे संघ: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्यांच्या खाली फ्लोरिडा किंवा अ‍ॅरिझोनातल्या सरावाच्या ठिकाणी चालणारी कॉम्प्लेक्स लीग, आणि तिच्याही खाली डॉमिनिकन समर लीग. भारतातून गेलेला मुलगा या शेवटच्या दोनपैकी एकीत सुरू होणार. 2024 पासून क्लबला अमेरिकेतल्या खालच्या संघांत मिळून 165 खेळाडूच ठेवता येतात, आधी ही मर्यादा 180 होती. वर मेजर लीगच्या संघात जागा 26, त्यात पिचर जास्तीत जास्त 13. आणि दर वर्षी खालून नवी मुलं येतच असतात: जुलैत अमेरिकन शाळा-कॉलेजांतून ड्राफ्टमधली (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट), आणि 15 जानेवारीला परदेशी करारांची खिडकी उघडली की परदेशातली 16-17 वर्षांची.

म्हणजे भाचा ज्या रांगेत उभा राहील तिथे त्याच्या शेजारचा डॉमिनिकन मुलगा 17 चा असेल, आठव्या वर्षापासून रोज बेसबॉल खेळलेला. 19 व्या वर्षी करार झालेल्या खेळाडूचं घड्याळही भराभर चालतं. 18 किंवा त्याआधी सही केलेल्याला क्लब पाच हंगाम निवांत सांभाळू शकतो. 19 किंवा पुढे सही केलेल्याला चार हंगामांनंतर मेजर लीगसाठी राखलेल्या 40 जणांच्या यादीत घ्यावं लागतं, नाहीतर दुसरा क्लब त्याला उचलू शकतो. ऐकायला हे मुलाच्या फायद्याचं वाटतं, आणि चांगल्या मुलाच्या बाबतीत असतंही. मधल्या फळीतल्या मुलाबद्दल मात्र क्लब निर्णय लवकर घेतो.

इथे तुम्ही म्हणाल, रिव्हेरा तर विसाव्या वर्षी आला होता. आला होता. त्याच्या गावच्या संघात तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) खेळायचा, पिचिंग उशिरा सुरू केलं. 1990 च्या पहिल्याच हंगामात 52 इनिंग्जमध्ये (बेसबॉलची इनिंग म्हणजे तीन जण बाद होईपर्यंत) जवळजवळ धाव दिली नाही. 1992 मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं, 1995 मध्ये मेजर लीगमध्ये उतरला. वाल्देझही 21 चा होता. पण हे दोघं वाढले बेसबॉलच्या देशांत. धावपटू पहिल्या बेसवर असताना कसं फेकायचं, बंट (बॅट नुसती टेकवून जवळच पाडलेला चेंडू) आला की कुणी धावायचं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. भाच्याला पहिली दोन वर्षं पिचिंगच्या जोडीला हा सगळा खेळच शिकावा लागेल, आणि शिकत असताना त्याची आकडेवारी वाईट दिसेल. त्याच आकडेवारीवर त्याला ठेवायचं की नाही हे ठरणार.

क्रिकेटच्या देशातून पिचर मेजर लीगपर्यंत पोचलाय असं उदाहरण हवं असेल तर टेलर स्कॉटचं बघा. जोहान्सबर्गचा. पण तो शाळेत असतानाच अ‍ॅरिझोनाला गेला, तिथल्या हायस्कूलमधून 2011 मध्ये शिकागोच्या कब्ज क्लबने त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं. पुढे सुटला, क्लबांशी न जोडलेल्या स्वतंत्र लीगमध्ये खेळला, परत आला आणि 2019 मध्ये मेजर लीगमध्ये उतरला. आठ वर्षं लागली. रिंकूच्या काळात पायरेट्सकडेच असलेला दक्षिण आफ्रिकेचा गिफ्ट एनगोएपे, तो पिचर नव्हे पण वाट तीच, 2008 मध्ये सही करून 2017 मध्ये वर पोचला. म्हणजे ज्यांचं जमलं त्यांनाही आठ-नऊ वर्षं लागली. कुमार रॉकरचं नाव कुणी तुम्हाला सांगेल. त्याची आई भारतीय वंशाची, हे खरं. पण तो अमेरिकेत जन्मला, तिथल्या कॉलेजात खेळला, 2022 च्या ड्राफ्टमध्ये टेक्सासच्या क्लबने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. त्याची वाट भाच्याला लागू नाही.

आता रोजचं जगणं. फ्लोरिडात जुलैमध्ये सकाळी सहालाच गवत ओलं आणि हवा चिकट असते. मुलं बसने येतात, नाश्ता करतात, आणि सातच्या आत पहिला पिचर माझ्याकडे असतो. खांदा किती आत-बाहेर फिरतो ते मोजायचं, पकडीची ताकद मोजायची. मग रबरी पट्ट्या, वजनाचे चेंडू, हळूहळू वाढवत नेलेले थ्रो. बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागेत, वीस-पंचवीस चेंडू. मागे एक यंत्र, पुढे टॅब्लेट, आणि प्रत्येक चेंडूनंतर पडद्यावर वेग, फिरकी, चेंडू किती इंच सरकला हे येतं. कोच फार बोलत नाही. एखाद्या दिवशी मुलाच्या बोटाच्या पेराला शिवणीमुळे फोड आलेला असतो. तो दुसऱ्या बोटाचा दाब वाढवून फेकतो, यंत्रावर फिरकी मिनिटाला दोनशे फेऱ्यांनी कमी दिसते, आणि त्याने लपवलेला फोड आधी टॅब्लेटवर कळतो.

दुपारी भर उन्हात सामना. बघायला दोन-चार स्काउट, कुणाचे आईवडील, आणि सावलीत बसलेले आदल्या दिवशीचे पिचर. बस्स.

जेवणघरात भात, राजमासारखी बीन्स, चिकन, तळलेली कच्ची केळी. आपल्या मुलाला जेवणाचा त्रास होत नाही, शाकाहारी असेल तर कंटाळा मात्र येतो. भाषेचं गणित लोकांना वाटतं त्यापेक्षा वेगळं असतं. कोच इंग्रजी बोलतात, पण खोलीतले सोबती बहुतेक स्पॅनिश बोलणारे. क्लबमध्ये त्यांच्यासाठी दुभाषे आहेत, इंग्रजीचे वर्ग आहेत, स्पॅनिश बोलणारे कोच आहेत. ग्रामीण महाराष्ट्रातून आलेल्या एकट्या मुलासाठी यातलं काही नाही. रिंकू आणि दिनेश निदान दोघं होते. रिव्हेरानेही सांगितलंय की पहिल्या काळात इंग्रजी येत नाही म्हणून तो रात्री रडायचा. त्याला समजून घेणारी स्पॅनिश बोलणारी मुलं तरी आसपास होती. भाच्याला कामचलाऊ इंग्रजी येत नसेल तर तयारी तिथून सुरू करा, जिममधून नको.

पैशाचं चित्र पूर्वीपेक्षा खूप सुधारलंय. 2022 पर्यंत कॉम्प्लेक्स लीगमधल्या मुलाला वर्षाला 4,800 डॉलर मिळायचे. त्या वर्षी मायनर लीगचे खेळाडू संघटनेत आले, मार्च 2023 मध्ये पहिला सामूहिक करार झाला, आणि ही रक्कम 19,800 झाली. सिंगल-ए ला 26,200, ट्रिपल-ए ला 35,800. राहण्याची सोय क्लब करतो. म्हणजे मुलगा उपाशी मरत नाही, पण यातून घरी शेत सोडवण्याइतके पैसे पाठवेल ही आशा धरू नका. मेजर लीगचं किमान वेतन 2023 मध्ये 7,20,000 डॉलर होतं. म्हणूनच सगळे झगडतात. मधल्या पायऱ्यांवर थांबलं तर पदरात फार पडत नाही.

व्हिसाबद्दल लोक कमी विचारतात, आणि परदेशी मुलाचं आयुष्य मात्र तिथेच ठरतं. 2006 पूर्वी मायनर लीगच्या मुलांना हंगामी मजुरांच्या व्हिसावर यावं लागायचं. त्याचा वर्षाचा कोटा 66,000, आणि तो हॉटेल-बागकामवाल्यांशी वाटून घ्यायचा. कोटा संपला की मुलगा घरीच. डिसेंबर 2006 मध्ये कायदा बदलला, आता पी-1 व्हिसा मिळतो, तो एका वेळी पाच वर्षांपर्यंतचा असू शकतो. क्लबने खेळाडू दुसऱ्या क्लबला दिला तर 30 दिवस त्याच व्हिसावर चालतं, तोवर नवा क्लब अर्ज करतो. पण व्हिसा उभा असतो क्लबच्या अर्जावर. क्लबने सोडलं की तो आधार गेला. शिवाय या व्हिसावर दुसरं काम करता येत नाही. अमेरिकन सोबती हिवाळ्यात गोदामात पार्सलं हलवतो, मुलांना पिचिंग शिकवतो, चार पैसे जोडतो. परदेशी मुलगा मायदेशी जातो. सोडल्यावर अमेरिकन मुलगा स्वतंत्र लीगमध्ये पंधरा दिवसांत नवीन संघ शोधतो. परदेशी मुलाला त्यासाठी नवा अर्ज, नवा पुरस्कर्ता, आणि बऱ्याचदा विमानाचं तिकीट लागतं.

याचा परिणाम मला माझ्या टेबलावर दिसतो. 'कोपर कसंय?' विचारलं की परदेशी मुलाचं उत्तर ठरलेलं: 'ऑल गुड.' मी कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या टोकाच्या जरा खाली, अंगठ्याने दाबतो. तोंड हसत असतं, डोळे मिटतात. कबूल केलं तर यादीतून नाव जाईल ही भीती. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं घडतं: खेळताना दुखावलेल्या मुलाचा उपचार आणि रिहॅब क्लब करतो, आणि त्या काळात त्याला सहसा कुणी हात लावत नाही. लपवून दोन महिने खेळलेला मुलगा वेग गमावतो, मार खातो, आणि सप्टेंबरमध्ये वाईट आकड्यांसकट सोडला जातो.

कोपरातलं ते लिगामेंट म्हणजे या धंद्यातला सगळ्यात महागडा भाग. फेकताना खांदा सेकंदाला सात हजार अंशांच्या गतीने आत फिरतो आणि तो ताण कोपराच्या आतल्या बाजूला येतो. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा हे लिगामेंट नव्याने बसवण्याचं ऑपरेशन केलं, म्हणून आजही त्याचं नाव टॉमी जॉन. परत माउंडवर यायला वर्ष ते दीड वर्ष. सरळ हाताने बोलिंग केलेल्या मुलाच्या कोपराला या ताणाची सवयच नसते. भाला फेकणाऱ्याला थोडी असते, पण भालाफेकपटूंचंही हेच लिगामेंट जातं. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते घाईने करू नका.

आठ आठवडे घ्या. पहिले दोन आठवडे फक्त 15-20 मीटरवरून, खरा बेसबॉल घेऊन, अर्ध्या जोराने, आठवड्यातून तीन दिवस. मग अंतर वाढवत 40 मीटरपर्यंत. दुखलं तर थांबायचं, 'लूज होईल' म्हणून पुढे रेटायचं नाही. त्या काळात बोलिंग बंद. आठव्या आठवड्यात सपाट जमिनीवरून, एकच पाऊल टाकून, 18.44 मीटरवर एक चादर टांगा, तिच्यावर गुडघ्यापासून छातीपर्यंत आणि साधारण 43 सेंटीमीटर रुंद चौकोन आखा, आणि पूर्ण जोराने पंधरा चेंडू टाकायला सांगा. स्पीड गन मागे. तुम्हाला बघायचाय शेवटच्या पाच चेंडूंचा वेग आणि चौकोनात किती गेले. शेवटचे पाच 80 मैलांच्या, म्हणजे 129 च्या खाली असतील तर हा विषय इथेच सोडा, क्रिकेट आणि बी.कॉम. चालू द्या. 85 च्या वर जात असतील, म्हणजे 137, तर माझ्यासारख्या माणसाला खुर्चीतून उठून बघावंसं वाटेल. मधे असेल तर त्याची उंची, बांधा आणि सहा महिन्यांत वेग किती वाढतो यावर आहे.

काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही. तो किती उंच आहे, त्याचा खांदा मागे किती जातो, त्याला शिकवणारं कुणी जवळ आहे का. घरची परिस्थिती अशी आहे का की पाच वर्षं त्याच्याकडून काही आलं नाही तरी चालेल. आणि त्याला स्वतःला काय हवंय. तुमच्या सगळ्या लिहिण्यात ताई आहेत, तुम्ही आहात, सल्लागार आहे. भाच्याचं म्हणणं एका ओळीतही नाही. परक्या मुलखात, ज्या खेळाचे नियम अजून शिकायचेत त्या खेळात, तीन वर्षं रोज हरायची तयारी ज्याची त्यालाच असावी लागते.

तोपर्यंत इथे काय करता येईल? तो कॉलेजात आहे, आणि आंतरविद्यापीठ बेसबॉल स्पर्धा होतात. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात जाऊन निवड चाचणी कधी आहे विचारा. तिथे खेळाचा दर्जा अमेरिकेसारखा नाही, पण माउंड, कॅचर आणि समोर बॅट घेतलेला माणूस तरी मिळेल. राज्य संघटनेच्या स्पर्धा आहेत. मेजर लीग बेसबॉलने भारतात शाळांमधून काम केलंय, त्यांच्या लोकांपर्यंत व्हिडिओ पोचवता येतो, आणि त्याला आठ लाख लागत नाहीत. इंग्रजी आणि मार्क दोन्ही बरे असतील तर अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजचा रस्ताही आहे. तिथे शिकणारा परदेशी मुलगा ड्राफ्टला पात्र ठरतो, आणि बेसबॉल नाही जमलं तरी पदवी राहते. तो रस्ता स्वस्त नाही, शिष्यवृत्ती बहुधा अर्धीमुर्धी असते. पण शेत गहाण टाकायचंच असेल तर निदान त्याच्या बदल्यात काहीतरी कागद हातात येतो.

थोडक्यात क्रम असा धरा: सल्लागाराला पैसे नाहीत, आठ आठवडे हळूहळू तयारी, मग चाचणी, मग विद्यापीठ. अमेरिकेचा विचार त्यानंतर.

चाचणीचा व्हिडिओ काढाल तेव्हा दोन बाजूंनी काढा. एक त्याच्या छातीच्या बाजूने, कमरेच्या उंचीवर फोन धरून, पूर्ण शरीर दिसेल असा, स्लो मोशनमध्ये. डावखुरा आहे, म्हणजे फोन पहिल्या बेसच्या बाजूला येईल. दुसरा बरोबर पाठीमागून. बाही नसलेला बनियन घालायला सांगा, खांदा दिसला पाहिजे. आणि पंधराच्या पंधरा चेंडू पाठवा, त्यातले चांगले निवडून नकोत.